नजरेसमोरची जागा

माझं काम काय असतं ते आधी सांगते, कारण घरी आईला अजून वाटतं मी फोटो काढते. मी फोकस ओढते. म्हणजे कॅमेरा धरतो दुसराच कोणीतरी, आमच्यात दिग्विजय, आणि मी शेजारी उभी राहून लेन्सची रिंग फिरवते. नट दोन पावलं पुढे आला की तेवढी रिंग. चुकलं की चेहरा धुरकट आणि मागचं कपाट लख्ख, आणि मग सगळे माझ्याकडे असे बघतात की जसं काय मी त्यांच्या ताटात आमटी सांडली. म्हणून मी मोजते. प्रत्येक शॉटच्या आधी, कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत. टेप असते, आणि सुतार लोक वापरतात तसलं एक लेझर मीटर. बटण दाबलं की लाल ठिपका पडतो, आकडा येतो. आकडा वहीत. त्यामुळे मला भुताबितांचं काही सांगू नका. मी जे सांगतेय ते वहीत आहे, तारखेसकट.

तर मार्चमध्ये दिग्याने शॉर्टफिल्म काढली. त्याच्या आत्याचा बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा पडलाय, जुना, भिंती पिस्ता रंगाच्या ऑईलपेंटच्या. खाली पिठाची गिरणी. ती चालू असली की आवाजाची वाट, त्यामुळे आम्ही शूट करायचो दुपारी एक ते चार. पुण्यातल्या एक ते चारचा एवढा उपयोग आजपर्यंत कोणी केला नसेल.

गोष्ट एका ओळीची. वसुधा नावाची बाई लग्न होऊन त्या घरात येते आणि परत बाहेर पडत नाही. बस. कोणी डांबून ठेवलेलं नाही, मारहाण नाही, नवरा दिसतसुद्धा नाही. आणि संवाद शून्य.

मी म्हटलं, "अरे, मग लोकांना कळणार कसं ती कोण आहे?"

"बोलून कळतं का कोणाचं?" दिग्या म्हणाला. "तुझ्या आईला बोलून कळलीस का तू? माणूस कुठे उभा आहे, त्याच्या डोक्यावर किती जागा आहे, मागे काय आहे, यावरून कळतो. वसुधा मी फ्रेमने बांधणार."

वसुधा झाली चैताली. चैताली म्हणजे माझी रूममेट, सदाशिव पेठेत आमच्या खोलीत तीन कॉट आहेत त्यातली मधली तिची. वर्ध्याची. तोंडाचा पट्टा असा की अमृततुल्यवाला सुद्धा तिला घाबरतो. पहिल्याच दिवशी त्याला म्हणाली होती, "काहून हो काका, तुमच्या पुण्यात चहा थेंबानं देतेत काय?" अशा मुलीला बिनसंवादाचा रोल! ती म्हणाली, "चालते नं. तेवढाच जिवाला आराम."

आणि दिग्याचा एक नियम. सेटवर नटाला खऱ्या नावाने हाक मारायची नाही. फ्लॅटचा उंबरा ओलांडला की चैताली संपली, वसुधा. वसुधा, पाणी घे. वसुधा, जरा डावीकडे. मी सुरुवातीला चुकायचे, दिग्या चिडायचा. नंतर इतकी सवय झाली की खोलीवर सुद्धा एकदा मी तिला "वसुधा, दिवा घालव ना" म्हटलं आणि तिने उठून घालवला. आम्ही दोघी हसलो.

पहिल्या दिवशी दिग्याने कॅमेरा माळ्यावर चढवला. वरून खाली. पंखा मोठा, खोली मोठी, बाई एवढीशी. दुसऱ्या दिवशी तीन खोल्यांची तीन दारं एका रेषेत घेतली, चौकटीत चौकट आणि तिच्याही आत चौकट, आणि शेवटच्या चौकटीत ती, भांडी विसळताना. तिसऱ्या दिवशी रंग. रोज साडीचा रंग थोडा भिंतीकडे न्यायचा. त्या दिवशी साडी इतकी पिस्ता होती की मला फोकससाठी तिची कडच सापडेना, भिंत कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो.

चौथ्या दिवशी त्याने जागा काढून घेतली.

हे नीट ऐका. पडद्यावर कोणी डावीकडे बघत असेल ना, तर डावीकडे जागा सोडतात. नजरेसमोरची जागा. आपल्याला जाणवत पण नाही, पण त्यामुळे वाटतं की या माणसाला पुढे काहीतरी आहे, कोणीतरी येईल, हा कुठेतरी जाईल. दिग्याने उलटं केलं. नाक फ्रेमच्या कडेला टेकवलं आणि मागे सगळं रिकामं सोडलं. त्या दिवसाचे अकरा शॉट, सगळे तसे. ती खिडकीतून बघतेय, खिडकी कापलेली. दाराकडे बघतेय, दार कापलेलं. मॉनिटरवर बघताना मला सीरियसली गुदमरल्यासारखं झालं. दिग्या हळूच म्हणाला, "झाली. वसुधा झाली."

परत येताना आम्ही बसमध्ये होतो. चैताली खिडकीशी. तिने हात लांब करून पुढच्या सीटचा दांडा धरायला बघितला आणि मध्येच थांबली.

"काय गं?"

"लागलं," ती म्हणाली.

"काय लागलं?"

"माहीत नाही. भिंत." आणि हसली. मी पण हसले. दिवसभर नाक कडेला लावून उभं राहिल्यावर होणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला चहाचा कप दिला. म्हणजे आपण देतो तसा, हात लांब करून. तिने पण हात लांब केला. कप घेतला नाही. मी तशीच उभी. ती म्हणाली, "जवळ आण नं." मी एक पाऊल पुढे गेले तेव्हा तिने घेतला.

मला वाटलं नाटक करतेय. ती म्हणाली, "नाही गं दीपू. हात पुरत नाही. इथपर्यंत जातो, मग नाही जात." आणि करून दाखवलं. हात सरळ होत होता, कोपर उलगडत होतं, आणि मग बोटं थांबायची. जोर लावला की टोकाची कांडी मागे वाकायची, पांढरी पडायची. आपण काचेला बोट लावतो ना, तशी.

आता मी काय करणार? मीटर काढलं. तिच्या डोळ्याच्या बाजूला धरलं आणि समोर कपाटावर नेम धरला. कपाट दोन मीटर दहा. मला पाठ आहे, खोलीच तेवढी आहे. आकडा आला शून्य पॉइंट चौसष्ट.

मीटर वीतभर बाजूला नेलं. दोन पॉइंट दहा.

परत तिच्या डोळ्यापाशी. चौसष्ट सेंटीमीटर.

सेल बदलले. चौसष्ट.

मी लिहून ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. संध्याकाळी परत मोजलं. अठ्ठावन्न.

दिग्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं ती कॅरेक्टरमध्ये आहे. चांगलंय की. तू तिला डिस्टर्ब करू नकोस."

"दिग्या, मीटर पण कॅरेक्टरमध्ये आहे का?"

"मीटर दुकानात दाखव," म्हणाला आणि ठेवला.

मग मला वाटलं, खोल्यांमुळे होतंय. चार दिवस ही मुलगी या खोलीतून त्या खोलीत. हिला मोकळ्यावर नेऊ. रविवारी सकाळी तिला स्कूटरवर घातलं आणि खडकवासल्याला नेलं. धरण माहितीये ना तुम्हाला, रस्त्याला लागूनच पाणी सुरू होतं, समोर डोंगरापर्यंत काही म्हणजे काही नाही. गर्दी होती, कणसं, कांदाभजी, पोरं पाण्यात दगड मारतायत. छान वारा. तिला कणीस घेऊन दिलं, भिंतीवर, म्हणजे रस्त्याच्या कठड्यावर बसवलं, तोंड पाण्याकडे.

"कसं वाटतंय?"

ती बराच वेळ बोलली नाही. चैताली. बोलली नाही.

मग म्हणाली, "पाणी दिसते गं. पण ते चिकटवल्यासारखं आहे."

मी मीटर काढलं. त्याची रेंज चाळीस मीटर. समोर अख्खं धरण, आकडा येणारच नाही, नुसत्या रेघा यायला हव्यात. बाजूला धरून बघितलं, रेघा. तिच्या डोळ्यापाशी धरलं.

शून्य पॉइंट एकोणचाळीस.

ती उजवीकडे वळली. एकोणचाळीस. मागे रस्त्याकडे वळली. एकोणचाळीस. कणीसवाली आमच्याकडे बघत होती. चैतालीने तळहात उचलला आणि समोर ठेवला, हवेत. अख्खा पंजा सपाट झाला. रेषा दाबल्या गेल्या, कडेचं मांस पसरलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, पाण्याच्या बाजूने, आणि माझं बोट तिच्या तळहाताला लावलं. माझ्या बोटाला काही आडवं आलं नाही. ऊबदार होता हात.

"दीपू," ती म्हणाली, "पुढचं सोड. मागं खूप जागा आहे गं. मागं सगळं रिकामं सोडलं आहे. कोणी येऊन उभं राहील एवढं."

मी तिच्या मागे बघितलं. रस्ता, गाड्या, भज्यांचा धूर.

"आहे का कोणी?" तिने विचारलं. वळली नाही.

मी म्हटलं, नाही.

मी तिला तशीच दिग्याकडे घेऊन गेले. तिथे तिला म्हटलं, हात लांब कर. तिने केला. दिग्याने तिचा पंजा बघितला, मग माझी वही बघितली, सगळे आकडे, आणि खाली बसला. त्याची आई आतून म्हणाली, "पोहे टाकू का रे तिघांना?"

वही मिटून तो म्हणाला, "मी घेतली ना जागा. मग मीच देऊ शकतो."

म्हणजे एकच शॉट. वसुधा बाहेर पडते. स्क्रिप्टमध्ये नव्हताच तो. सगळ्यात वाइड लेन्स, कॅमेरा फ्लॅटच्या बाहेर जिन्यात, दार सताड उघडं, ती आतल्या कोपऱ्यातून चालत येते, तिच्यासमोर ही एवढी जागा, आणि ती कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जाते. एवढंच. मला पटलं. तुम्हाला आत्ता येडेपणा वाटेल, पण आम्हाला दुसरं येतं काय? आम्ही फ्रेमच लावू शकतो.

दिग्या म्हणाला, "गुरुवारी. तेवढी वाइड लेन्स भाड्याने गुरुवारीच मिळतेय, आणि गिरणी पण दिवसभर बंद."

सोमवारी तीस. मंगळवारी चोवीस. ताटातलं दिसायचं पण घास तोंडाशी आणायला हात वळवायला जागा नाही, म्हणून मी भरवायचे, बाजूने. बुधवारी अठरा. तिने आईला फोन लावायचा म्हटला, मग म्हणाली, नको, रडायला येईल आणि डोळे पुसता येत नाहीत.

गुरुवारी सकाळी अकरा सेंटीमीटर.

बिबवेवाडीत जिन्यात कॅमेरा लावताना शेजारचे उत्तरेश्वर काका त्यांच्या दारात उभे. "आज दार उघडं ठेवून का? इतके दिवस बंद दाराआड चाललं होतं, म्हणून विचारलं." दिग्या म्हणाला, आज शेवटचा शॉट. काका आत गेले.

तिला आत कोपऱ्यात उभं केलं, पिस्ता साडीत. कॅमेरा दिग्याच्याच हातात. दार वाऱ्याने सारखं मिटत होतं, ते मी पाय लावून धरलं. म्हणजे रिंग फिरवायला मी नव्हते. पहिल्यांदाच कॅमेऱ्याचा फोकस ऑटोवर टाकला, तो आपला आपण चेहरा शोधतो.

दाराशी येण्याआधी मी मोजलं होतं. सहा.

दिग्या म्हणाला, "अ‍ॅक्शन."

ती निघाली. हळू. एक पाऊल, दुसरं. मला वाटलं होतंय. जेवणाची खोली ओलांडली. पुढची खोली.

उंबऱ्यावर थांबली.

तिचं नाक सपाट झालं. मग ओठ. गाल पसरला, पांढरा पडला. दोन्ही पंजे चेहऱ्याच्या बाजूला, सपाट. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी हात पुढे केला, तिचं मनगट धरलं, ओढलं. मनगट आलं नाही.

दिग्या रडत होता. कॅमेरा खाली केला नाही.

मी ओरडायला लागले. ये, ये ना, बाहेर ये, ये!

आणि ती आली.

एकदम. काही नव्हतंच अशी. उंबरा ओलांडून माझ्या अंगावर. मी तिला घट्ट धरलं, जमिनीवर बसलो आम्ही, जिन्यात. मीटर काढलं, तिच्या डोळ्यापाशी धरलं, जिन्याच्या खिडकीतून बाहेर आकाशाकडे. रेघा. नुसत्या रेघा. मी हसत होते आणि रडत होते. काका परत दारात आले आणि आमच्याकडे बघून पाण्याचा तांब्या आणायला आत गेले.

तिने पदर सारखा केला. म्हणाली, "आपण निघूया का?"

मला वाटलं, दमलीये.

चार दिवस खोलीवर होती. शांत. अंथरूण घडी करून, कप विसळून. चहावाल्याकडे गेलो तेव्हा दिला तेवढा प्यायली आणि ग्लास खाली ठेवला. मी म्हटलं, "काहून वं?" तिने माझ्याकडे बघितलं, कळलं नाही असं. मग मी तिला वर्ध्याच्या गाडीत बसवून दिलं.

पंधरा दिवसांनी तिच्या आईचा मला फोन. चंद्रभागा मावशी, मोठ्या आवाजाच्या. "काय केलं वं पोरीला तुमच्या पुण्यानं? लय गुणाची झाली. उलटं बोलत नाही. दाराबाहेर पाय टाकत नाही."

मी दिग्याकडे गेले. म्हटलं, तो शॉट दाखव. त्याने तो उघडलाच नव्हता. आम्ही लॅपटॉपवर लावला. ती निघते, चालते, थांबते. दिग्याच्या रडण्याचा आवाज. आणि माझा आवाज. मी काय ओरडत होते ते मला आठवत होतं, ये, ये ना, एवढंच.

रेकॉर्डिंगमध्ये नाव पण होतं. स्वच्छ ऐकू येतं. "वसुधा, ये! वसुधा, बाहेर ये!" चार वेळा.

दिग्याने लॅपटॉप बंद करायला हात घातला, मी धरला. कारण शॉट संपला नव्हता. ती फ्रेममधून गेल्यावर कॅमेरा अजून नऊ सेकंद चालू होता, रिकाम्या दारावर. आणि माझं लक्ष दुसरीकडेच होतं. चेहरा गेला की ऑटो फोकस मागच्या भिंतीवर जायला पाहिजे. मागे भिंतच आहे, दुसरं काही नाही. तो गेला नाही. नऊ सेकंद भिंत धुरकट होती. फोकस उंबऱ्यावर होता. तिथल्या हवेवर.

मी चावी मागून घेतली आणि मंगळवारी एकटीच गेले. दुपारी दोन. गिरणी बंद. दार उघडलं, जिन्यात उभी राहिले, त्याच जागी, तोच कॅमेरा, फोकस ऑटोवर.

हे कॅमेरे चेहरा सापडला की स्क्रीनवर त्याच्याभोवती चौकोन काढतात. अजून जवळ असेल तर नुसत्या डोळ्यावर, छोटा. डोळा मिटला की चौकोन जातो, उघडला की येतो.

रिकामं दार. पिस्ता भिंत.

चौकोन आला.

उंबऱ्याच्या आत, चैतालीच्या उंचीला.

मी तिचं नाव घेतलं. खरं नाव. चैताली, ये. चैत्या, बाहेर ये. किती वेळा ते मोजलं नाही. चौकोन पुढे आला, मोठा झाला, उंबऱ्याशी आला. थांबला. तिथून पुढे नाही.

मी म्हटलं, तू असशील तर एकदा डोळा मिट.

छोटा चौकोन गेला. आला.

मी पुढे हात केला, हवा होती, दुसरं काही नाही. स्क्रीनवर बॅटरी सात टक्के. चार्जर खोलीवर. मी तिला म्हणाले, मी येते परत, बॅटरी घेऊन येते, दिग्याला घेऊन येते, काहीतरी करू. कॅमेरा बंद केला असता तर बॅटरी वाचली असती. बंद करवेना. मी खाली बसले, कॅमेरा मांडीवर, तोंड दाराकडे.

पाच टक्के. तीन.

बॅटरी संपेपर्यंत तो डोळा एकदाही मिटला नाही.